वाऱ्यावालीचा शेवट

सत्यभामामावशींचं नाव मी सगळ्यात आधी घेतो. मायबापांनी वाढवलं, शाळेत घातलं, पण आमच्या घरात पदवीचा पहिला कागद आला त्यामागे खरा हात मावशींचा. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. वसमतला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. डावीकडे शिलाई मशीन, उजवीकडे भिंतभर सिनेमाच्या सीड्या. बायका ब्लाऊज टाकायला यायच्या आणि जाताना पिशवीतून एखादा पिक्चर भाड्यानं न्यायच्या. ब्लाऊज वेळेवर मिळायचं नाही, पिक्चर मात्र लगेच मिळायचा.

गेल्या रविवारी कळमनुरीहून गावाकडे निघालो होतो. वसमत यायच्या आधीच बसच्या खिडकीतून तो वास आत आला. हळद शिजायला लागली होती. शिजत्या हळदीचा वास डब्यातल्या हळदीसारखा नसतो. त्यात ओली माती असते, उकडलेलं रताळं असतं आणि पाठीमागून थोडा कापूर येतो. पहिल्या दिवशी तो नाकाला झोंबतो, चौथ्या दिवशी तो आहे हेच कळत नाही आणि महिन्याभरानं थांबतो तेव्हा हवा रिकामी वाटते. आता मोठ्या कढया गेल्या, वाफेचे ड्रम आले. पण वास तोच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्यांवर हळद वाळत पडली होती आणि माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याची दहाही बोटं पिवळी होती.

आमच्याकडे हळद आणि बारावीची परीक्षा एकाच वेळी येतात. आज मी कळमनुरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि या दिवसांत वर्गावर देखरेख करत फिरतो. परवा एका मुलीच्या उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा उमटलेला दिसला. तिनं तो घाईघाईनं तळहातानं झाकला. मी म्हणालो, "राहू दे, लिही." माझ्याही उत्तरपत्रिकेवर असे अंगठे होते. तपासणाऱ्यानं काय समजून घेतलं असेल, देव जाणे.

बारावीला माझं वसमतचं कॉलेज दुपारी सुटायचं आणि गावाकडची बस चार वाजता असायची. मधल्या वेळात मी बसस्थानकावर उभा राहायचो. मावशींनी एकदा दुकानातूनच हाक मारली.

"ए पोरा, इंग्रजी येतं का?"

"थोडं येतं."

"थोड्यावर भागवू. आत ये."

त्यांच्याकडे एक जुना परदेशी पिक्चर आला होता. काळा-पांढरा. खोक्यावरचं नाव फाटलं होतं. बोलणं कुठल्या देशाचं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही, पण खाली इंग्रजी ओळी यायच्या. गिऱ्हाइकं तो न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची. "मावशे, यात गाणं न्हाई, हाणामारी न्हाई, एक बाई नुसती वारा मोजून राहिली." मावशींना मात्र त्या बाईनं धरून ठेवलं होतं; तिला आणि त्या पिक्चरला आम्ही वाऱ्यावाली म्हणायला लागलो.

एका दूरच्या ग्रहावर एक बाई एकटी राहते. तिथं रान नाही, पाखरू नाही, फक्त वारा आहे. तिच्या घरावर वाट्यांची भिंगरी आहे. ती फिरते त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो आणि तो आकडा ती रोज पृथ्वीला कळवते. तिच्या जागी दुसरं माणूस येणार आहे. केव्हा येणार ते कुणी सांगत नाही. पुढे पृथ्वीचं उत्तरच यायचं थांबतं. ती आकडे पाठवतच राहते.

मावशी मशीनवर, मी बाकावर, समोर दुकानातला टीव्ही, मांडीवर शब्दकोश. ओळ आली की मी सीडी थांबवायची, शब्द शोधायचे आणि मराठीत सांगायचं. सांगणं रंगलं की मशीन थांबे. नाही रंगलं की टाके चालू.

"काय म्हणून राहिली?"

"वाऱ्याचा वेग चौदा, दिशा उत्तर."

"आन् काल काय होता?"

"कालबी चौदाच."

"व्हय, काम म्हणजे तेच असतंय. चाल पुढं."

मग एक शब्द आला, त्यावर मी बराच वेळ अडलो. शेवटी म्हणालो, "मावशी, ही म्हणती, माझी बदली कधी येणार?" मशीनचा आवाज थांबला. मावशींचे यजमान किनवटकडे जंगलात सरकारी नोकरीला होते. वसमतला बदली मागून मागून थकले आणि ती यायच्या आधीच आजारपणात गेले. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मावशी सुईत दोरा ओवत एवढंच म्हणाल्या, "त्या बाईची बदली आली का न्हाई, तेवढं मला बराबर सांग."

तेच मला सांगता आलं नाही. शेवटच्या पाच-सहा मिनिटांत आकाशात एक उजेड दिसतो, बाई दाराकडे जाते, कडीवर हात ठेवते आणि सीडी अडकते. आम्ही काय काय केलं! ओढणीच्या चिंधीनं पुसली, दंतमंजन लावून घासली. पुसण्याची रीत मावशींनीच शिकवली: मधून कडेला सरळ पुसायचं, गोल कधी पुसायचं नाही, गोल रेघ पडली की पिक्चर तिथंच फिरत बसतो. हळदीच्या दिवसांत परत आलेल्या प्रत्येक सीडीवर पिवळी बोटं असायची. मावशी ती उजेडात धरून म्हणायच्या, "ही हळदीवाल्यानं नेलेली." वाऱ्यावाली मात्र कशानंच सुटली नाही. तिचा हात कडीवरच राहिला.

मग मावशींनी स्वतःच शेवट रचायला सुरुवात केली. कॉलेजच्या पोरांना सांगायच्या, दारात तिचा भाऊ आला, दोघांनी मिळून राक्षस मारला. (राक्षस पिक्चरमध्ये कुठंच नव्हता.) ब्लाऊज टाकायला आलेल्या बायकांना सांगायच्या, दारात नवरा उभा, आणि पहिलं वाक्य काय बोलला म्हणता? "चहा ठेव." बायका पोट धरून हसायच्या आणि पिक्चर घेऊन जायच्या.

माझ्या बारावीच्या आधी आठ दिवस बा दुकानात आले. बा मेंढरं राखायचे आणि दोन एकरांत हळद करायचे. हात कोपरापर्यंत पिवळे. म्हणाले, "बाई, पोरगं इथं बसून राहतं म्हणं. घरी हळद शिजवायची आहे, माणूस न्हाई. काहून ठेवून घेतलं याला?"

मावशींनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. "भाऊ, ते माझं शिवणं करीत न्हाई. मला इंग्रजी शिकवून राहिलं. आन् मला शिकवता शिकवता स्वतःच शिकलं."

"ते ठीक हाय, पर हळद?"

"हळद दरसाल येती, भाऊ. याची बारावी एकदाच येणार. आन् नापास झालं तर दोनदा येती, ते तर लई वाईट."

बा हसले. ते क्वचित हसायचे. त्या वर्षी हळद माय, बा आणि मावसभावांनी शिजवली. मी सकाळी दोन तास फक्त कंद पसरायला जायचो, म्हणून बोटं पिवळी. पेपरच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा मावशींनी मला माझ्यापुरता वेगळा शेवट सांगितला. म्हणाल्या, "दार उघडलं तर कुणीच न्हाई. तो उजेड म्हणजे एक तारा व्हता. मग ती आत आली, भिंगरीकडं पाहिलं आन् त्या सांजचा आकडा लिहिला. तू बी उद्या तेवढंच कर." तीन तासांच्या पेपरात मला तो शेवट दोनदा आठवला.

पुढं मोबाइल आले, सीड्या गेल्या. मावशींनी दुकानाची ती भिंत रिकामी केली आणि खरचटलेल्या सीड्या पोत्यात भरून आमच्या मायला दिल्या. ज्वारी निसवली की आमच्याकडे राघू आणि चिमण्या कणसांवर तुटून पडतात. दोऱ्यानं सीडी टांगली की ती वाऱ्यावर फिरते, चमकते, पाखरं बिचकतात. अख्ख्या शिवारात मावशींचे पिक्चर टांगलेले असायचे. बा म्हणायचे, "आपल्या राघूंनी जेवढे पिक्चर पाहिले तेवढे गावानं पाहिले न्हाईत." आमची वाऱ्यावालीसुद्धा त्यातच गेली. दोन-तीन उन्हाळ्यांत तिच्यावरचा चांदीसारखा थर पापड्या होऊन उडाला आणि नुसती पारदर्शक चकती उरली. तिच्यातून पलीकडचं रान दिसायचं.

गेल्या दिवाळीत मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये बोट सरकवता सरकवता एक चित्र दिसलं आणि मी उठून बसलो. छपरावर वाट्यांची भिंगरी, खाली ती बाई. नाव अनोळखी, पण भिंगरी ओळखीची. जुन्या रिळांवरून पुन्हा स्वच्छ करून घेतलेली प्रत, असं खाली लिहिलं होतं. मी लावला. केवढं दिसत होतं! तिच्या स्वेटरची वीण, टेबलावरची फुटकी बशी. जी बाई वीस वर्षं माझ्या मनात धुरकट होती तिच्या कपाळावर चक्क एक तीळ होता. धुळीचं वादळ आलं तेव्हा मात्र आमच्या गावचं नेटवर्क दमलं आणि सगळं आभाळ चौकोनी ठिगळांचं झालं. तरी मी खूश होतो. ती दाराकडे गेली, कडीवर हात ठेवला, आणि मी थांबवलं. पुढचं मावशींसोबत पाहायचं. त्यांना फोन केला.

"मावशी, वाऱ्यावाली सापडली!"

"जिती हाय का अजून?"

"संक्रांतीला येतो. शेवट सोबत पाहू."

"तू पाहिला तर न्हाईस ना आधीच? गद्दारी नको हां."

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. मावशींनी चष्मा पुसला, शेजारच्या दोघींना बोलावलं, चहा ठेवला. मी मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर एकच ओळ आली: हा चित्रपट आता उपलब्ध नाही. मी ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं, फोन बंद करून चालू केला. शेवटी मावशीच मला समजावू लागल्या. "जाऊ दे रे. तिची बदली झाली असंल दुसऱ्या ॲपात." शेजारणी हसल्या. मला हसू आलं नाही. पंधरा दिवसांत मावशी कायमच्या लेकीकडे निजामाबादला जाणार होत्या. लेकीनं तिथं शिवणकामाचे वर्ग सुरू केले होते आणि तिला आईही हवी होती, आईचा हातही. निरोप घेताना मावशी म्हणाल्या, "सगळं झालं बघ माझं. तेवढं एक राहिलं."

घरी येऊन मायला सांगितलं. माय तेव्हा रोजच्या कामाबरोबर बेण्याची जागा साफ करत होती. हळद काढली की चांगले, भरदार गड्डे बाजूला काढायचे, लिंबाखाली सावलीत रचायचे, वर हळदीचाच पाला टाकायचा. पुढच्या लागवडीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. विकायचं ते विकायचं, बेणं घरात. मायनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तो पिक्चर तुझ्यापाशी नव्हताच?"

"ॲपमध्ये होता."

"ॲप कुणाचं?"

"कंपनीचं."

"मग बेणं कुणी दुसऱ्याच्या घरी ठेवतं का?"

मी विज्ञान शिकवतो. हे मला आधी सुचायला हवं होतं.

ॲपला मी नावं ठेवणार नाही. ते नसतं तर ही बाई जगात कुठं आहे याचा मला पत्ताच लागला नसता. माझी कॉलेजातली पोरं मेंढरांमागे बसून त्यावर चंद्राचे, कृष्णविवराचे चित्रपट पाहतात आणि वर्गात असे प्रश्न विचारतात की मला पुस्तक उघडावं लागतं. मला त्यांच्या वयात तसा एक प्रश्नही पडला नव्हता. पण बाजारात सगळी हळद मिळत असतानाही माय बेणं का ठेवते, ते मला त्या दिवशी नीट कळलं. नांदेडहून एक प्लेअर आणला, सगळ्या देशांच्या तबकड्या वाचणारा. कारण या तबकड्यांनाही देशांच्या हद्दी असतात, इकडची तिकडे चालत नाही. आणि परदेशातून वाऱ्यावालीची ब्लू-रे मागवली.

ती आली तेव्हा मावशी निजामाबादला गेलेल्या होत्या. सोबत एक जाडसर पुस्तिका होती. ती मी शब्दकोश न घेता वाचली, आणि वाचता वाचता बाकावरचा तो मुलगा आठवला. त्यात लिहिलं होतं की मूळ रिळं ओलीनं चिकटली होती, शेवटचं रीळ तर हरवलंच होतं. ते दुसऱ्याच देशात एका जुन्या शाळेच्या अडगळीत सापडलं. मग माणसांनी एकेक चौकट धुतली, ओरखडे काढले. आमच्याकडे वाळलेली हळद ड्रममध्ये फिरवतात तेव्हा वरची खडबडीत साल झडते आणि आतला रंग वर येतो. पण जाणता माणूस ड्रम वेळेवर थांबवतो, नाहीतर हळदच झिजते. इथंही तसंच झालं होतं. पिक्चरच्या सुरुवातीला यान उतरतं, ते दोऱ्यावर टांगलेलं खेळणं आहे. दोरा पुसायचा की ठेवायचा यावर त्या लोकांत म्हणे वाद झाला आणि त्यांनी तो ठेवला. ॲपवर मला दोरा दिसला नव्हता. तबकडीवर दिसला. वादळही दिसलं, ठिगळं नसलेलं, कण न् कण वेगळा. कडीवर हात आला आणि मी पुन्हा थांबवलं. वीस वर्षं ज्याची वाट मावशींनी पाहिली ते मी एकट्यानं पाहून टाकावं, हे मनाला पटेना. तबकडी साध्या कागदी पाकिटात घालून कपाटावर ठेवली. तिचं मूळ खोकं माझ्या पुस्तकांच्या पिशवीत राहिलं. पुढच्या रविवारी टपालानं पाठवू म्हणालो आणि कळमनुरीला गेलो.

पुढच्या, म्हणजे या गेल्या रविवारी घरी पोचलो तर कपाटावर पाकीट नव्हतं.

"माय, इथली सीडी?"

"ती व्हय? मावशीच्या पोत्यातली राहिली व्हती ना एक. टांगली. लई चमकती. राघू फिरकना झाले."

मी रानाकडे पळालो, बा मागून ओरडत आले, "अरे झालं काय?" ज्वारीच्या पट्ट्यात पंधरा-सोळा तबकड्या उन्हात फिरत होत्या. मी उभा राहिलो. वारा उत्तरेचा होता. सगळ्या एकदम वळत, एकदम चमकत, आणि मला ती छपरावरची भिंगरीच दिसली, एक नाही, सोळा. जुन्या बहुतेक उडालेल्या, आरपार. एकच निळसर झाक मारत होती. तिच्या मध्यातून मायनं शिवणाचा पांढरा दोरा ओवून पक्की गाठ मारली होती. चार दिवस ऊन, चार पहाटेचं दव. कडेला मायच्या बोटाचा पिवळा ठसा.

बा म्हणाले, "सापडली न्हवं? मग तोंड काहून पाडून राहिला? एवढ्या राघूंनी पाहिली, काय बिघडलं का तिचं?"

घरी आणून मी ती ओल्या मऊ फडक्यानं पुसली. मधून कडेला, सरळ. चालते की नाही हे पाहायचं तर शेवटपर्यंत लावायला हवी, आणि शेवट तर मला पाहायचा नव्हता. शेवटी मायला टीव्हीसमोर बसवलं आणि मी अंगणात वाळत्या हळदीपाशी पाठ करून उभा राहिलो.

"चालू हाय का?"

"हाय."

"अडकली?"

"न्हाई. गप उभा राहा, मला पाहू दे."

आतून फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. तो थांबला. माय पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि कंद उलटवायला बसली.

"काय झालं, ते सांगू नको," मी म्हणालो.

"मी कशाला सांगू? पर मावशीला धाड लवकर."

त्याच सांजेला मी पत्र लिहिलं, आणि प्लेअरच्या खोक्यात, तबकडीवर ठेवलं. ते असं:

*ती. सत्यभामामावशींना मारोतीचा साष्टांग नमस्कार.*

*इकडे हळद शिजत आहे. तुमच्या निजामाबादलाही हळदच, म्हणजे वास तोच असेल. माय, बा मजेत आहेत. बांना गुडघ्याची थोडी तकलीफ आहे, पण मेंढरं सोडत नाहीत.*

*सोबत वाऱ्यावाली पाठवली आहे. प्लेअर टीव्हीला कसा जोडायचा ते वेगळ्या कागदावर चित्र काढून लिहिलं आहे, ताईंना दाखवा. ही तबकडी कुठल्या ॲपमधली नाही, तुमची आहे. संक्रांतीसारखी ती पळणार नाही. सुरुवातीलाच यान उतरतं तिथं नीट बघा, वर दोरा दिसतो. किती नंबरचा ते तुम्हीच सांगू शकाल.*

*तबकडीच्या कडेला पिवळा ठसा आहे. तो मायच्या बोटाचा. कसा आला ते ती स्वतः फोनवर सांगेल, मला सांगताना अजून लाज वाटते. तो मी मुद्दाम पुसला नाही. तो कडेला आहे, चित्राला नडत नाही. तुम्ही उजेडात धरलीत तर लगेच म्हणाल, ही हळदीवाल्यानं नेलेली.*

*मावशी, पहिली ओळ वाचताना मला तीन शब्द अडले होते. आता त्या पिक्चरची पूर्ण पुस्तिका मी न अडता वाचतो. पोरांना शिकवतो तेही तुमच्या बाकावर शिकलेल्या रीतीनं: थांबवायचं, शब्द शोधायचा, आपल्या बोलीत सांगायचं, मग पुढं जायचं.*

*शेवट मी अजून पाहिलेला नाही. मायनं पाहिला आहे, ती बोलत नाही. बाईचा हात कडीवर आहे तिथवर मी आहे. पुढचं तुम्ही पाहा आणि पूर्वीसारखं मला सांगा. बदली आली का नाही, बराबर सांगा. या वेळेस खरं सांगायचं. आणि खरा शेवट तुमच्या शेवटाइतका चांगला नसला, तर मला तुमचाच सांगा.*

*तुमचा,*
*मारोती*